दुधी कडू लागला? मग या चुका टाळा

कोवळा, नख लावताच रुतणारा, हिरवागार दुधी निवडून आणला तरी तो कडू निघू शकतो. रंगावरून, आकारावरून किंवा वासावरून ते ओळखता येत नाही, चव घेतली तरच कळतं. आणि कडू दुधी विषारी असतो, हे अजूनही अनेक घरांत माहीत नाही.

दुधी, काकडी, दोडका, पडवळ आणि आता मॉलमध्ये दिसणारी झुकिनी, सगळ्या एकाच कुळातल्या. कीड आणि जनावरं दूर राहावीत म्हणून या वेली कुकुरबिटासिन नावाची कडूजहर द्रव्यं तयार करतात. पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचंच बी धरत आल्यामुळे भाजीच्या वाणांत ती नावापुरती उरली आहेत. मिरजेत तंबोऱ्याला लागणारा कडू भोपळा मात्र कडूच राहिला, तो कुणी भाजीला चिरत नाही.

चव न घेता चिरणं

दुधी धुतल्यावर आधी देठाकडची पातळ चकती कापा. कच्चा तुकडा जिभेवर ठेवून जरासा चावा आणि थुंकून टाका. मग दुसऱ्या टोकाचाही तुकडा असाच बघा. जरासा जरी कडवट लागला तरी अख्खा दुधी कचऱ्यात. दोन दुधी आणले असतील तर दोन्ही चाखा, एक गोड निघाला म्हणून दुसऱ्याची खात्री नाही.

‘कडू आहे म्हणजे औषधी असणार’

सगळ्यांत घातक चूक हीच. सकाळी रिकाम्या पोटी ग्लासभर दुधीचा रस पिणारे बहुतेक जण मधुमेह, रक्तदाब किंवा वजनासाठी तो घेतात. कडू लागला तरी नाक दाबून संपवतात, कारण औषध कडूच असतं असं मनात पक्कं बसलेलं. भाजीचा कडू घास आपण लगेच थुंकतो, रस मात्र घटाघटा पोटात जातो. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट सांगितलं: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. ही शेवटची सूचना फार मोलाची आहे. कारल्याचा रस घातला की कडू दुधी ओळखणार कसा? कारल्याचा कडूपणा अंगचा आहे, दुधीचा कडूपणा धोक्याची खूण आहे.

शिजवून, मीठ चोळून कडूपणा घालवणं

काकडीचं टोक कापून फेस येईपर्यंत घासायची आपली जुनी सवय. काकडीत कडूपणा बहुधा देठाकडे आणि सालीखाली असतो, त्यामुळे तेवढा भाग गेला की ती गोड लागते. श्रेय कापण्याचं, घासण्याचं नाही. दुधीला हा उपाय लावू नका. ही द्रव्यं उकळून, तळून किंवा कुकरच्या शिट्ट्यांनीही नष्ट होत नाहीत. गूळ, चिंच, मसाला घातला तर फक्त चव झाकली जाते. जर्मनीत हायडेनहाइम इथे २०१५ मध्ये ७९ वर्षांचे एक गृहस्थ शेजाऱ्याने बागेत पिकवलेल्या कडू झुकिनीची शिजवलेली भाजी खाऊन दगावले.

घरचं बी डोळे झाकून लावणं

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. जवळपास कडू किंवा शोभेच्या भोपळ्याचा वेल असेल तर मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतात. यंदाचं फळ गोडच राहतं, पण त्याच्या बियांपासून पुढच्या वर्षी कडू फळं धरू शकतात. कंपोस्टमधून आपोआप उगवलेल्या वेलाचंही तेच. पाण्याची ओढ आणि कडक ऊन यांनीही कडूपणा वाढतो, म्हणून उन्हाळ्यात जास्त सावध राहा.

त्रास होऊनही घरीच थांबणं

कडू रस पोटात गेल्यावर थोड्याच वेळात मळमळ, पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होऊ शकतात. गंभीर रुग्णांत उलटीतून रक्त पडतं, रक्तदाब झपाट्याने उतरतो. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. सलाइन आणि लक्षणांनुसार उपचार हाच मार्ग, तोही वेळेवर मिळायला हवा. ताक, लिंबूपाणी देत बसू नका, मुद्दाम उलटी काढू नका. थेट रुग्णालय गाठा आणि ‘कडू दुधीचा रस घेतलाय’ असं डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर साधं अन्न बाधल्याचं समजून वेळ जातो. घरात आणखी कुणी तोच रस प्यायलं असेल तर त्यांनाही सोबत न्या.