बाटली भरण्याच्या पाणपोईसाठी अनुदान मागताना या चुका टाळा

मार्च उजाडला की इंदूरमधल्या रहिवासी संघांना पाणपोईची आठवण होते. बगिच्याच्या फाटकाशी गार पाण्याचे यंत्र बसवावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने विकतची बाटली न घेता आपलीच बाटली भरून न्यावी, हा विचार उत्तम आहे. पैशाची सोयही होऊ शकते, कारण २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सुरक्षित पिण्याच्या पाण्याचा स्पष्ट उल्लेख असून कंपन्यांचा सीएसआर निधी (सामाजिक जबाबदारी म्हणून कायद्यानुसार खर्च करायचा पैसा) त्यासाठी वापरता येतो. परंतु माझ्याकडे नजरेखालून घालण्यासाठी येणारे बहुतेक अर्ज त्याच त्या चुकांनी भरलेले असतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे विक्रेत्याचे दरपत्रक समोर ठेवून अर्ज लिहिणे. आमच्या भागातील एका कॉलनीने असेच केले. अनुदान मंजूर झाले, तीन नळांचे स्टीलचे कूलर आले, हारफुले झाली, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला आलेल्या मंडळींच्या लक्षात आले की नळ आणि जाळी यांच्यातील जागा पेल्यापुरतीच आहे; एक लिटरची बाटली तिथे उभी राहत नव्हती, आणि तिरकी धरली की अर्धी भरून उरलेले पाणी जाळीवर सांडत होते. सांडपाण्याचा पाइप कोणी मागितलाच नव्हता, त्यामुळे पायवाटेवर चिखल आणि पुढे शेवाळ झाले. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते हे त्या कॉलनीत पोराटोरांनाही ठाऊक होते, तरी यंत्र टाकीशिवाय थेट लाइनीला जोडलेले होते आणि मधल्या दिवशी कोरडे पडत असे. शेवटी विजेचे बिल कोणी भरायचे यावरून संघ आणि बगिच्याची देखरेख करणारे यांच्यात वाद झाला व बटण बंद करण्यात आले. पुढच्या वर्षी कंपनीचा अधिकारी पाहणीला आला, तेव्हा कूलरवर तुळशीच्या कुंड्या मांडलेल्या होत्या. त्या कॉलनीने पुन्हा अर्ज केला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही, आणि येईल असे मला वाटत नाही.

मी अशा कामाला जाताना मोजपट्टी आणि घरातली सर्वांत उंच स्टीलची बाटली सोबत नेतो. नळाखाली किमान ३० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, हे केवळ बोलण्यात न ठेवता खरेदी-आदेशात लिहून घेतो. टाकीचा हिशेबही अवघड नाही. दिवसाला २०० माणसांनी प्रत्येकी पाऊण लिटर पाणी नेले तर १५० लिटर लागतात, दोन दिवसांचे ३०० होतात. धुण्या-पुसण्याचे धरून ५०० लिटरची टाकी मागावी. हा हिशेब अर्जात असला की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि तो करायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. तरीही घाईत असलेले नवखे लोक तो करत नाहीत व इंटरनेटवरून उतरवलेल्या जलसंकटाच्या दोन पानांनी अर्ज फुगवतात.

दुसरी चूक पैसे कोणाच्या हाती येणार याविषयीची आहे. संघाची सोसायटी म्हणून नोंदणी आहे, एवढ्यावर सीएसआरचा निधी मिळत नाही. बाहेरच्या संस्थेमार्फत काम करवून घ्यायचे असल्यास त्या संस्थेकडे साधारणपणे १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या (पहिलीने संस्थेला, दुसरीने देणगीदाराला करसवलत मिळते), तत्सम कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ हा सरकारी नोंदणी अर्ज भरून मिळालेला क्रमांक असावा लागतो. ज्यांच्याकडे हे नाही त्यांनी शहरातील एखाद्या जुन्या, विश्वासू न्यासाला सोबत घ्यावे. ‘आपण करून टाकू, कागद नंतर पाहू’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला मुळीच घेऊ नये. बसवलेले यंत्र कोणाच्या मालकीचे राहील, हेही आधी ठरवावे, कारण अशी मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती पात्र संस्थेकडे, लाभार्थींच्या समूहाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडेच असावी लागते. बगिचा नगर निगमचा असेल तर झोन कार्यालयाची लेखी परवानगी अर्जासोबतच जोडावी; पार्षदांनी (नगरसेवकांनी) मान डोलावली म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही.

एकच मजकूर वीस कंपन्यांना पाठवू नये. आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच कंपन्यांना सांगतो, त्यामुळे मुंबईच्या मुख्यालयाला ईमेल करण्यापेक्षा इंदूरजवळच्या पीथमपूरचा कारखाना गाठणे शहाणपणाचे. मात्र निव्वळ नफा ५ कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) ५०० कोटी, यांपैकी एकही मर्यादा न गाठणाऱ्या उद्योजकावर सीएसआर खर्चाचे बंधन नाही, हे लक्षात ठेवून त्याच्याशी देणगीच्या भाषेत बोलावे.

पाणी न तपासता आरओ (पाण्यातले क्षार काढणारे यंत्र) मागणे हा निव्वळ अपव्यय आहे. भारतीय मानक १०५०० नुसार विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. नळाचे पाणी त्याच्या आत असेल तर साधी गाळणी आणि जंतू मारणारा अतिनील (यूव्ही) दिवा पुरतो. बोअरवेलच्या जड पाण्याची गोष्ट वेगळी. जंतूंच्या तपासणीसाठी नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच न्यावा, शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत नव्हे.

वार्षिक खर्चाचा तक्ता जोडावा. त्यात वीज, गाळण्या आणि टाकीची सफाई यांची तरतूद करावी. नळ चोरीला जातात, हेही गृहीत धरावे. ऑर्डर देतानाच दोन जास्तीचे नळ मागून घ्यावेत आणि ते सचिवांच्या घरी न ठेवता संघाच्या कपाटात ठेवावेत, कारण सचिव बदलले की नळ सापडत नाहीत.