कोजागिरी ते वसुबारस: वर्गातल्या खिरापतीची तयारी

कोजागिरीच्या रात्री पोरींच्या भुलाबाईच्या खेळाची शेवटची गाणी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम म्हणजे पोरींकडून खिरापतीचा डबा मागून घ्यायचा. महिनाभर तो डबा घरोघर खुळखुळलेला असतो. आत काय आहे ते ओळखायचं, गोड की तिखट, गोल की लांब. कुणी ओळखो न ओळखो, शेवटी सगळ्यांच्या हातावर सारखंच पडतं. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात देण्याघेण्याचा काही उपक्रम घ्यायचा असेल तर इतकं आयतं साधन दुसरं नाही. उपक्रमाला नावही तेच द्या, खिरापत. ‘दान सप्ताह’, ‘गरिबांची दिवाळी’ असलं काही फळ्यावर लिहू नका.

दिवस आधी मोजून घ्या. कोजागिरी ते वसुबारस बारा दिवस दिसतात, पण त्यातून रविवार गेले, संकलित चाचणी गेली, पेपर तपासणं आणि नोंदी गेल्या. हातात राहतात सात-आठ दिवस, आणि त्या दिवसांतला शाळेतल्या खिचडीनंतरचा अर्धा तास. आमची शाळा पुसदच्या बाजूची, दोनशिक्षकी, पहिली ते चौथी मिळून तेवीस लेकरं. अर्धी गावातली, अर्धी बंजारा तांड्यावरची. चारही वर्ग एकत्र बसतात म्हणून मला हे जमतं. तुमच्याकडे वर्ग वेगळे असतील तर चौथीच्या एकेका पोराला पहिलीचं एकेक लेकरू जोडून द्या, निम्मं काम तिथंच होतं.

आता ‘दान’ हे नाव का नको ते सांगते. पहिल्या वर्षी मी मुलांना घरचे चांगले जुने कपडे आणायला सांगितले होते. दहा-बारा आले. घड्या घालून, पिशव्यांत भरून, ज्यांना गरज वाटली त्यांच्या हाती शाळा सुटताना दिले. मनात म्हटलं, छान झालं. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी एक पोरगी निळा, कॉलरला लेस लावलेला फ्रॉक घालून आली. प्रार्थनेच्या रांगेतच मागून आवाज आला, “मॅडम, हा माहा फराक होय!” बोलणारीच्या मनात काही वाईट नव्हतं. आपली वस्तू ओळखल्याचा आनंदच होता तो. पण घालणारी पोरगी रांगेतून निघून हातपंपाकडे गेली आणि दप्तर न घेताच घरी पळाली. चार दिवस आली नाही. तिच्या मायनं फ्रॉक धुऊन, घडी घालून परत पाठवला. तेव्हापासून माझा एकच नियम आहे. वर्गात देणारे सगळे. घेणारा मात्र वर्गातला नको. एखाद्या लेकराला वही, चप्पल, स्वेटर लागतच असेल तर ते तुम्ही आणि त्याच्या मायबापानं बघायचं. ते या डब्यात येत नाही.

मग घ्यायला कोण? ही यादी तुम्ही करू नका, मुलांना करू द्या. एक दिवस खिचडी झाल्यावर सगळ्यांना घेऊन गावातून चक्कर मारा आणि एवढंच विचारा, आपल्यासाठी रोज कोण काय करतं? आमच्या यादीत पहिलं नाव आलं खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं. मग आशाताई, नळाला पाणी सोडणारे काका, पिठाच्या गिरणीवाला, वेशीजवळ एकटी राहणारी बुढी आजी. आणि मला कधी सुचलं नसतं ते एक, मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर. दुसरीतल्या पोरानं विचारलं, “त्याहिची दिवाळी मंग गाडीतच होते का?” उत्तर माझ्याजवळ नव्हतं. यादीत त्यांना सगळ्यात वर टाकलं.

यानंतर द्यायचं काय हा प्रश्न, आणि खरी तयारी इथंच लागते. पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणणारच, “माह्याजवळ त काहीच नाही, मॅडम.” हे वाक्य येणार हे धरून चाला आणि त्याआधीच फळ्यावर तीन चित्रं काढून ठेवा, हात, पाय आणि तोंड. हातानं काय देता येतं, पायानं काय, तोंडानं काय. बघता बघता फळा भरतो. हातानं मावशींची भांडी पुसून देता येतात, पहिलीच्या लेकराला पेन्सिल टोक करून देता येते. पायानं गिरणीवरून आजीचं दळण आणता येतं. तोंडानं तर केवढं! आजोबाच्या मोबाईलवर आलेला पीक विम्याचा मेसेज वाचून दाखवणं, औषधाच्या पाकिटावरची तारीख सांगणं, एसटीच्या पाटीवरचं गाव वाचून देणं. वाचता येणं ही आपल्या घरातली सगळ्यात मोठी शिल्लक आहे हे चौथीच्या पोरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. आणि घरी रोज धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी, “काहीच नाही” म्हणणारी पोरगीच सगळ्यात जास्त नावं सांगते.

हे सगळं पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्यांवर उतरवा. निम्म्या चिठ्ठ्यांवर अक्षरं नकोत, चित्रं हवीत, नाहीतर पहिली-दुसरीची लेकरं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतात. चिठ्ठ्या डब्यात. रोज एकानं डबा हलवायचा, बाकीच्यांनी ओळखायचं, मग प्रत्येकानं एक काढायची. काम झालं की चिठ्ठी फाडून टाकायची, दाखवायची नाही. किती झाली, कुणाची जास्त झाली हे मी विचारत नाही. तक्ता लावून चांदण्या चिकटवायचा मोह मलाही झाला होता. एक वर्ष केलंही. तिसऱ्या दिवशी दोन पोरं बुढ्या आजीच्या दारात एकाच दळणाच्या डब्यासाठी भांडत होती.

आश्विन वद्य पंचमी याच दिवसांत येते. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते, गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांतही प्रार्थना होते. तो दिवस गोष्टीसाठी राखून ठेवा. मी मात्र गोष्ट सांगते गाडगेबाबांची. १८७६ साली शेंडगावात, आपल्याच विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेला माणूस. अंगावर चिंध्या, हातात खराटा. गावात आले की रात्री कीर्तन, पण दिवसा आधी गाव झाडून काढायचे. मुलांना विचारा, त्यांनी गावाला दिलं काय? दोनच शब्दांत उत्तर येतं, “झाडून देल्लं.” त्या दिवशी शाळेसमोरचा रस्ता कुणी न सांगता साफ होतो, हे मी तीन वर्षं पाहिलं आहे. चौथ्या वर्षी झाला नाही, कारण पाऊस होता.

वस्तू द्यायचीच असेल तर वाती. विदर्भात आश्विनात कापसाची कमतरता नाही. शेताशेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन पहिला वेचा निघालेला असतो. पण कापूस घरून आणायला सांगू नका. ज्यांना वावर नाही ती लेकरं पुन्हा मागे राहतात. एकाच शेतकऱ्याकडून एक पिशवी मागून आणा आणि वर्गाच्या मधोमध ओता. वाती वळायला गावातल्या दोन आज्या बोलवा. आमच्याकडे येतात त्या आधी वाटीभर दूध मागतात. मी पहिल्यांदा चहासाठी समजले. त्यांनी बोटाची टोकं दुधात बुडवली, सरकी काढलेला कापसाचा एवढासा पेळू डाव्या तळहातावर ठेवला आणि उजव्या हाताच्या एका घाशीत वात वळली, टोकाला दुधानं ताठ झालेली. मुलांच्या पहिल्या वाती अळ्यांसारख्या होतात. आज्या हसतात, हसू द्या. दहाव्या वातीला हात बसतो. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करायला लावा, मोजणीचा तास वेगळा घ्यावा लागत नाही. कागदाच्या पुड्या मुलं स्वतः दुमडतात. पुडीवर नाव नको, चित्र चालेल. मुक्कामी एसटीची पुडी रात्री नेऊन द्यायला दोन मोठी मुलं आणि कुणाचा तरी बाप सोबत असू द्या.

वाती सगळ्यांच्या घरच्या नाहीत हे ध्यानात ठेवा. आमच्या वर्गात बौद्ध घरं आहेत, त्यांचा मोठा सण दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला होऊन गेलेला असतो. दोन मुसलमान घरं आहेत. तिथल्या मुलांना मी वेगळं बसवत नाही आणि वात वळाच असंही म्हणत नाही. पुड्या दुमडणं, चित्रं काढणं, कापूस पिंजणं, पुरेसं काम असतं. एका वर्षी एकानं आपल्या पुडीत वातींऐवजी सीताफळाच्या बिया घातल्या. गिरणीवाल्यानं त्या लावल्या म्हणे. तांड्यावरच्या पोरींना मात्र एक दिवस पूर्ण द्या. अमावस्येच्या रात्री त्या हातात दिवा घेऊन ‘मेरा’ म्हणत तांड्यातल्या घराघरांत जातात, घराला चांगलं म्हणून येतात आणि घर त्यांच्या हातावर काही ठेवतं. गावातल्या मुलांनी हे पाहिलेलंच नसतं. एरवी मागच्या रांगेत बसणाऱ्या पोरी त्या दिवशी पुढे उभ्या राहून गातात, आणि चांगलं बोलणं हेसुद्धा दिलेलंच असतं हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

मोठ्या माणसांची तयारी थोडक्यात. पालकसभा घेऊ नका. सोयाबीनची मळणी आणि कापसाची वेचणी सुरू असताना मजुरी पाडून कुणी येत नाही, आणि बरोबरच आहे. संध्याकाळी सात नंतर एक चक्कर मारा आणि एकच वाक्य बोला, “काहीच पाठवू नका.” पैसे गोळा करू नका, एक रुपयासुद्धा. माझा सगळा खर्च दूध, सुतळी आणि पोस्टकार्ड मिळून शंभराच्या आत जातो. कुणी सुचवतं, शाळेतल्या धान्यातून मुलांच्या हातून काही करून वाटू. ते अजिबात नको. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ येतो आणि त्याचा हिशोब पोषण आहाराच्या नोंदवहीत लागतो. तो घास त्याच लेकराचा. परसबागेतली मेथी-पालक असेल तर तिच्या जुड्या खुशाल मावशींना द्या.

गावातलं कुणी वजनदार माणूस वह्या घेऊन येईल आणि मंडप टाकून एकेकाचं नाव पुकारून वाटायचं म्हणेल. नाही म्हणणं जड जातं, मलाही गेलं. मी त्यांना चहा पाजला आणि म्हटलं, भाऊ, वह्या कपाटात ठेवून द्या, ज्याची भरली तो घेईल. थोडे हिरमुसले. पुढच्या वर्षी पुन्हा आणल्या मात्र, आणि या वेळी गपचूप. फोटोचंही तेच. अहवालाला फोटो लागतोच, तर हातांचा काढा, वातींचा काढा, डब्याचा काढा. लेकरू देतंय आणि म्हातारी घेतेय असा फोटो ग्रुपवर टाकला की दुसऱ्या दिवसापासून मुलं कॅमेरा कुठं आहे ते आधी बघतात.

शेवटच्या दिवसाआधी सुट्टीची व्यवस्था लावा. झाडांना पाणी कोण घालेल, याची पाळी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांतून ठरवा. पण दूरच्यांना कमीपणा वाटू नये म्हणून त्यांना त्यांच्या दारातल्या पाखरांचं काम द्या, फुटकं मडकं आणि मूठभर ज्वारी.

आणि ज्या मुलांचे मायबाप ऊसतोडीची आगाऊ उचल घेऊन बसलेत, त्यांची यादी सगळ्यात आधी करा. मी ही गोष्ट शेवटी लिहिते आहे, पण काम पहिल्याच दिवसाचं आहे. दिवाळीच्या मागेपुढे मुकादमाची गाडी येते आणि टोळी ऊसतोडीला निघते, कधी रात्रीतून. मायबाप जाणार असतील आणि आजी गावात राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाचं विचारा. लेकरू सोबतच जाणार असेल तर तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक भरून, सही-शिक्का करून तयार ठेवा आणि मायच्या हातात द्या, बापाच्या खिशात नको, हरवतं. तिला हेही सांगा की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून कोणतीही सरकारी किंवा अनुदानित शाळा लेकराला परत पाठवू शकत नाही.

वर्गाकडून त्याला निरोपाचं काही द्यायचं असतं, पण वही-खेळणं दिलं की पुन्हा तो घेणारा आणि बाकीचे देणारे. म्हणून आम्ही त्याच्याकडूनच मागतो. ५० पैशांची दोन पोस्टकार्डं, त्यावर शाळेचा पत्ता पिनकोडसकट आधीच लिहिलेला. तिकडचं काय दिसलं ते आम्हाला लिहून पाठव, आम्ही कधी पाहिलं नाही. गेल्या वर्षी चार कार्डं दिली, एक परत आलं, तेही फेब्रुवारीत. “इथं बैलाले घुंगरू हायेत. ऊस लय उंच हाय. मॅडम मले बाराचा पाढा येते.” खाली बैलगाडीचं चित्र, चाकं तीन.

कार्डं लवकर आणून ठेवा. आमचं पोस्ट शेजारच्या गावात आहे, आणि वसुबारसेला पोस्टमास्तर भेटतीलच असं नाही.