इंग्लंडमध्ये घर घेताय आणि सॉलिसिटर (खरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील) हलतच नाहीये? मग हे करा

ऑफर अ‍ॅक्सेप्ट झाली म्हणजे घर आपलं झालं असं नाही हो, इथे कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत, म्हणजे दोघांच्या सह्यांचे करार अदलाबदल होऊन व्यवहार पक्का होईपर्यंत, विकणारा कधीही मागे फिरू शकतो, म्हणूनच ही ढिलाई जीव खाते. आम्ही पाच महिने काढलेत त्यात.

"काम कुठवर आलं?" असा मेल टाकू नका, "चालू आहे" एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा, लोकल अथॉरिटी सर्च (कौन्सिलकडून घराबद्दलची माहिती काढणं) कुठल्या तारखेला मागवला, विकणाऱ्याच्या वकिलाला एन्क्वायरीज, म्हणजे घराबद्दलचे लेखी प्रश्न, कधी पाठवल्या, त्यातल्या कुठल्या बाकी आहेत. इस्टेट एजंटलाही मागे लावा, त्याचं कमिशन अडकलेलं असतं त्यामुळे तो मनापासून फोन फिरवतो. लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट असेल तर मॅनेजमेंट पॅक, म्हणजे इमारतीच्या देखभाल-खर्चाची कागदपत्रं, पहिल्याच आठवड्यात मागवायला लावा.

आपल्या लोकांचं घोडं खरं अडतं ते पैशांच्या पुराव्यावर. बाबांनी सांगलीहून एफडी मोडून पैसे पाठवले, तर सॉलिसिटरने आधी गिफ्ट लेटर (पैसे भेट आहेत, परत द्यायचे नाहीत असं पत्र) मागितलं, मग त्यांचं बँक स्टेटमेंट, मग एफडीची पावती, आणि दरवेळी दहा-दहा दिवस गेले, बाबा तिकडे बँकेत हेलपाटे घालतायत आणि आम्ही इकडे हतबल. हे सगळं आधीच एका पीडीएफमध्ये देऊन टाका.

मॉर्टगेज ऑफर (बँकेची गृहकर्जाची मंजुरी) कधी संपते ती तारीख सॉलिसिटरला लेखी कळवा. तरीही ढिम्म राहिले तर सॉलिसिटरच्या फर्मकडेच रीतसर तक्रार करा, 8 आठवड्यांत निकाल लागला नाही तर लीगल ऑम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारी स्वतंत्र संस्था) जाता येतं, त्याचे पैसे पडत नाहीत.