बोटीचा तळ धुताना या चुका टाळा

पुराच्या वेळची बोट असो, तलावातली पायडलची असो, नाहीतर सुट्टीत मालवणला नेऊन आणलेली घरची असो, कोल्हापुरात ती धुवायची रीत साधारण एकच. ट्रॉलीवर चढवायची, चार दिवस उन्हात ठेवायची आणि सवड झाली की गाड्यांच्या वॉशिंग सेंटरवर न्यायची. पहिली चूक त्या उन्हातच होते.

ओलं शेवाळ म्हणजे नुसता बुळबुळीत थर. बोट बाहेर काढल्यावर तासाभरात साधा पाइप आणि काथ्याची घासणी फिरवली की निघतं. वाळलं की खरपुडीसारखं धरतं. मग जोर लावावा लागतो आणि शेवाळाबरोबर रंगही सुटतो. समुद्रात तळाला घट्ट चिकटणारा बार्नेकल हा कवचवाला जीव, त्याचंही तसंच. ओला असताना प्लॅस्टिकची पट्टी तिरकी धरून बुडातून सरकवा, कवच निघतं. मागे राहिलेल्या गोल पांढऱ्या चकतीशी पत्रा घेऊन झटापट करू नका. फायबरच्या बोटीवरचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. त्यावर चरे पडले की पुढच्या वेळी शेवाळ तिथंच आधी धरणार.

पाणी खरं नासतं ते रंगानं. कायम समुद्रात राहणाऱ्या बोटींच्या तळाला तांब्याचा ऑक्साइड असलेला रंग देतात. तो हळूहळू झिरपतो आणि तळावर जीव धरू देत नाही. पूर्वी जहाजांच्या रंगात कथिलाची संयुगंही असत. ती शंखशिंपल्यांच्या मुळावर आली, म्हणून २००१ च्या आंतरराष्ट्रीय करारानं त्यांच्यावर बंदी घातली आणि तो करार २००८ मध्ये लागू झाला. तांबं मात्र अजून चालतं. वर्षभर कणाकणानं सुटणारं हे तांबं तारेच्या ब्रशनं एका दुपारीच खरवडलं आणि पाणी गटारात सोडलं, तर ते जयंती नाल्यातून थेट पंचगंगेत.

म्हणून धुण्याआधी पांढरं ओलं फडकं तळावर हलक्या हातानं फिरवा. हिरवट किंवा मातकट डाग आला तर ते शेवाळ आणि गाळ. तळाच्या रंगाचाच लाल-निळा डाग आला तर रंग सुटतोय. अशा बोटीला मऊ स्पंजच लावा, तोही जमिनीवर, खाली ताडपत्री घालून. पाण्यात उभी ठेवून तर अजिबात घासू नका.

ताडपत्री बोटीपेक्षा चारही बाजूंनी तीन-तीन फूट मोठी हवी. कडेखाली विटा लावून चार इंचांचा बांध करा आणि एका कोपऱ्याकडे उतार द्या. तिथं साचलेलं पाणी मगानं २०० लिटरच्या बॅरलमध्ये भरा. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला सहा ते आठ लिटर पाणी टाकतो, म्हणजे पंचवीस मिनिटांच्या धुण्याला एक बॅरल पुरतं. पंख्यासारखा पसरट झोत टाकणारं नोझल घ्या, एक फुटाच्या आत आणू नका, आणि रबरी बोटीच्या सांध्यांवर तो झोत मारूच नका. पाणी चोवीस तास निवळू द्या. रंग नसलेल्या बोटीचं असेल तर ते तलावापासून लांब झाडांना घाला. रंगाचं असेल तर निवळून फक्त कण खाली बसतात, विरघळलेलं तांबं वरच्या पाण्यात राहतंच. त्यामुळे गाळ आणि पाणी दोन्ही झाकणबंद ठेवून घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेलाच द्या. कुठं द्यायचं हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूरच्या कार्यालयात विचारता येतं.

मुळात हा रंग आपल्याकडे लागतो का? वर्षातले दहा महिने शेडमध्ये राहणाऱ्या पुराच्या बोटीला नाही. तरीही दुकानदार सांगतो म्हणून डबा घेतला जातो. आणि अॅल्युमिनियमच्या बोटीला तर तांब्याचा रंग म्हणजे पायावर धोंडा: ओलावा मिळाला की पत्रा कुरतडला जातो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीचं युनिट आहे म्हणून तळ शॉट ब्लास्टिंगला (पोलादाचे कण जोरात मारून घासायला) देणं ही त्याच्या जोडीची चूक. ते यंत्र फाउंड्रीतल्या कास्टिंगसाठी असतं. अॅल्युमिनियमवर पोलादाचे कण रुतून गंज धरतो, आणि फायबर तर सोलूनच निघतं.

पाणपातळीच्या पिवळ्या डागाला संडासचं अॅसिड लावू नका. ट्रॉलीचं जस्त उडतं आणि जवळ ब्लीचिंग असेल तर क्लोरीन वायू होतो. लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम ऑक्झॅलिक अॅसिड पुरतं. हातमोजे आणि चष्मा घाला, दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. हे पाणीही ताडपत्रीवरच धरा आणि त्यात चुन्याची निवळी घालत जा. पांढरा साका खाली बसतो.

इंजिनाजवळचा जस्ताचा ठोकळा रंगवू नका. स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणं एवढंच त्याचं काम, रंगवला की ते बंद. गोड्या पाण्यात तर जस्तावर कवच धरतं, तिथं मॅग्नेशियमचा ठोकळा लागतो.

पंचगंगेतून काढलेली बोट तशीच कळंबा तलावात उतरवणं ही सगळ्यात दुर्लक्षित चूक. जलपर्णीचा तुटका तुकडाही नव्या पाण्यात वाढतो, आणि कळंब्याचं पाणी शहराच्या काही भागाला प्यायला जातं. ट्रॉलीचे रोलर, बोटीच्या तळातलं साचलेलं पाणी, नांगराचा दोर, पंख्याचा दांडा एवढ्या जागा हातानं चाचपा, बूच काढून पाणी घाटावरच सोडा आणि बोट चार-पाच दिवस कडक वाळवा. धुऊन झाल्यावरचं ऊन चालतं.