गॅस आणि डिझेल दोन्हींवर चालणारं गॅस टर्बाइन डिझेलवर पेट घेत नसेल तर

पुण्याच्या पावसाळ्यात आधी डिझेल टाकीच्या तळाचं पाणी काढा, फिल्टर बघा. पण खरा दोष बहुधा पुढे असतो. महिनोन्‌महिने गॅसवर चालताना ज्वलनकक्षाजवळच्या लाइनीत उरलेलं डिझेल साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर कोक होऊ लागतं (जळून कोळशासारखा थर धरतं) आणि चेक व्हॉल्व्ह (इंधन एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह) चिकटतात. फ्लो डिव्हायडरनंतर (डिझेल सगळ्या नोझलना सारखं वाटणाऱ्या भागानंतर) प्रत्येक नोझलचा दाब तपासा: एकाचा इतरांपेक्षा चढा असेल तर तिथला व्हॉल्व्ह किंवा नोझल तुंबलंय. व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर लाइन रिकामी होऊन हवा भरते. ती ब्लीड केल्याशिवाय (बाहेर काढल्याशिवाय) ज्योत धरत नाही.

फसलेल्या स्टार्टनंतर घाई अजिबात नको. फॉल्स स्टार्ट ड्रेनमधून (न जळलेलं इंधन बाहेर सोडणाऱ्या नळीतून) डिझेल निथळलं आणि पर्ज (आतली इंधनाची वाफ हवेने बाहेर काढणं) पूर्ण झाला, याची खात्री करूनच पुन्हा इग्निशन द्या. साचलेलं डिझेल एकदम भडकलं तर टर्बाइनची पाती जातात, माणसांच्या जिवावरही बेततं.