डेकवरचा डायल्यूशन प्रयोग: पाणी बिघडतं कुठे?

वनस्पती प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) रोज किती वाढतात आणि त्यातले किती खाल्ले जातात, हे समुद्राचं पाणी नुसतं तपासून कळत नाही, कारण वाढ आणि चराई एकाच वेळी चालू असतात. ती वेगळी काढायला लँड्री आणि हॅसेट यांनी १९८२ मध्ये मांडलेली डायल्यूशन (पाणी विरळ करण्याची) पद्धत अजूनही वापरतात. पाण्यात गाळलेलं पाणी मिसळलं की खाणारा आणि खाद्य यांची गाठ कमी पडते, पेशींच्या वाढीचा वेग मात्र तोच राहतो. प्रयोग फसतो तो बहुधा पाणी हाताळताना. यंत्र तेवढं दोषी नसतं.

आधी पाण्याचा हिशेब. न गाळलेलं पाणी १००, ७०, ४०, २० आणि १० टक्के अशा पाच पातळ्या, प्रत्येकी दोन बाटल्या, शिवाय पोषकं न घातलेल्या १०० टक्क्यांच्या दोन. १.२ लिटरच्या १२ बाटल्यांना १४.४ लिटर लागतं: गाळलेलं ६.२४, न गाळलेलं ८.१६. वर सुरुवातीच्या क्लोरोफिलसाठी (प्लवक किती आहेत ते त्यावरून कळतं) अर्ध्या लिटरचे तीन नमुने, ल्युगॉलसाठी (पेशी टिकवणारं आयोडीनचं द्रावण) अर्धा लिटर, आणि खळबळायला वेगळं. १० लिटरच्या दोन निस्किनमध्ये (समुद्रातून पाणी घ्यायच्या बाटल्या) भागेल असं वाटतं, पण भागत नाही. तीन भरा.

निस्किनच्या आत लॅटेक्स रबर असेल तर ते आधी बदला. त्यातून झिरपणारी द्रव्यं पेशींना मारक ठरतात. नळ्या आणि रबर सिलिकॉनचे हवेत. पॉलिकार्बोनेट बाटल्या १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवा, शुद्ध पाण्याने तीनदा आणि नंतर त्याच ठिकाणच्या समुद्राच्या पाण्याने धुवा. पाणी उजाडायच्या आत घ्या. बोटीच्या सारंगाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, स्टेशनवर (पाणी घ्यायच्या ठिकाणी) असताना सांडपाणी सोडायचं नाही. हे राहून गेलं तर पुढची सगळी काळजी वाया.

कोपेपॉड (बारीक कवचधारी प्राणी) वगळायला २०० मायक्रॉनची जाळी नळीच्या टोकाला बांधा आणि ते टोक पाण्याखाली बुडवून ठेवा. वरून जाळीवर धार सोडली की सिलिएट (केसाळ एकपेशी जीव) फुटतात. बऱ्याच सिलिएटना कवच नसतं, आणि नेमके तेच इथले मुख्य चरणारे.

गाळलेलं पाणी ०.२ मायक्रॉनच्या कॅप्सूल फिल्टरमधून, पंप न लावता, उंचीच्या दाबावरच काढा. दाब वाढला की फिल्टरवरच्या पेशी फुटतात आणि आतलं द्रव्य गाळलेल्या पाण्यात उतरतं. नवी कॅप्सूल आम्लाने आणि मग कित्येक लिटर पाण्याने धुऊन घ्या. गाळलेल्या पाण्याचंही क्लोरोफिल मोजा; ते जवळजवळ शून्य नसेल तर १० आणि २० टक्क्यांचे आकडे बाद.

भरताना आधी गाळलेलं, मग न गाळलेल्या पाण्याचा कॅन हलकेच फिरवत त्यातलं. बुडबुडा राहू देऊ नका. बोट हलली की तो आतल्या नाजूक पेशींना घुसळत राहतो. १० बाटल्यांत पोषकं घाला: ५ मायक्रोमोलर नायट्रेटसाठी १० मिलिमोलर द्रावणाचे ०.६ मिली, ०.३ मायक्रोमोलर फॉस्फेटसाठी १ मिलिमोलरचे ०.३६ मिली.

भरलेल्या बाटल्या ठेवायची डेकवरची टाकी अशा जागी हवी जिथे दिवसभरात कधीच केबिनची सावली पडत नाही. जिथून पाणी घेतलं तिथल्याइतकाच उजेड आत येईल अशी सावलीची जाळी वर टाका आणि समुद्राचं पाणी सतत खेळतं ठेवा. पंप थांबला की दुपारी पाणी भराभर तापतं. पावसाळ्यात गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात वर येणारं तळाचं पाणी पृष्ठभागापेक्षा बरंच थंड असतं. ते या टाकीत ठेवलं तर मोजाल ती तापण्याची प्रतिक्रिया. त्याला चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) लागतो.

२४ तासांनी अंधारात २५ मिमी जीएफ/एफ (काचतंतूंच्या) गाळणकागदावर, १५० मिमी पाऱ्याहून कमी निर्वातावर गाळा. १०० टक्क्यांना ३०० मिली पुरतात, १० टक्क्यांची बाटली जवळपास पूर्ण लागते. ९० टक्के ॲसिटोनमध्ये रात्रभर थंड अंधारात ठेवून फ्लुओरोमीटरवर क्लोरोफिल वाचा. ल्युगॉलचे नमुने काचेच्या गडद बाटलीत ठेवा. प्लास्टिक आयोडीन शोषतं.

आता आलेख: आडवा अक्ष न गाळलेल्या पाण्याचा हिस्सा, उभा अक्ष निव्वळ वाढ, म्हणजे चराई वजा जाता उरलेली. समजा उतार उणे ०.६ आणि उभ्या अक्षावरचा छेद ०.९ आला, तर चराई दिवसाला ०.६ आणि पोषकांसह वाढ ०.९. पोषकं नसलेल्या बाटल्यांची निव्वळ वाढ ०.१ असेल तर समुद्रातली खरी वाढ ०.७. दाट पाण्याकडे रेषा सपाट होत असेल तर चरणाऱ्यांचं पोट भरलंय. तिथे सरळ रेषा ओढू नका. उतार धन आला तर आधी गाळलेल्या पाण्याच्या दूषितपणाचा संशय घ्या.

आणि जाळीचा विचार जागेप्रमाणे करा. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याच्या शेवटी हिरवा नॉक्टिल्युका (मोठा एकपेशी प्लवक) असतो. तो बहुधा २०० मायक्रॉनहून मोठाच, म्हणजे चाळणीतच अडकतो. मार्च ते मेमध्ये पश्चिम किनाऱ्यालगत भुश्यासारखे तरंगणारे ट्रायकोडेस्मियम या नीलहरित सूक्ष्मजीवाचे पुंजकेही तसेच. अशा वेळी जाळीवर उरलेलं फेकू नका, वेगळ्या बाटलीत ल्युगॉल घालून ठेवा. मुख्य पात्र तिथेच असू शकतं.