पाण्यात पडलेला मोबाइल: या चुका टाळा

पावसाळा लागला की दुरुस्तीच्या दुकानात भिजलेले मोबाइल यायला सुरुवात होते. वाईट याचं वाटतं, की त्यातले कितीतरी घरगुती उपायांनी डेड झालेले असतात.

पहिली चूक म्हणजे ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबणं. ओल्या बोर्डात, म्हणजे फोनच्या आतल्या सर्किटच्या पाटीत, करंट फिरला की कनेक्टरच्या पिना झिजतात आणि त्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. दुकानात त्याला ‘कार्बन धरला’ म्हणतात. चार्जर लावला तर हे काम आणखी झपाट्याने होतं.

दुसरी चूक तांदळाचा डबा. नेहमीचा प्रकार असा: फोन बादलीत पडतो, पुसल्यावर चालू होतो, घरचे निर्धास्त होतात. तरी खबरदारी म्हणून दोन रात्री तांदळात ठेवतात. तिसऱ्या दिवशी चार्जिंग घेत नाही. उघडला की चार्जिंग जॅकमध्ये तांदळाचा भुगा चिकटलेला, बोर्डावरच्या चिप झाकणाऱ्या शिल्डच्या पत्र्याखाली ओल तशीच आणि बॅटरी कनेक्टरची एक पिन पार खाल्लेली. पत्र्याखालचं पाणी तांदूळ ओढूच शकत नाही. आयफोन तांदळात ठेवू नका, असं अ‍ॅपलनेही सांगितलंय. हे दोन दिवस वाया जातात, त्याचीच चीड येते.

फोन ताबडतोब बंद करा. कव्हर आणि सिम ट्रे काढा, जॅक खाली धरून हलकेच झटका, सुती कापडाने पुसा आणि त्याच दिवशी दुकान गाठा. बॅटरी सोडवून, शिल्ड काढून, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड धुऊन मागा. फोन चालत असला तरी हे करून घ्याच. समुद्राच्या पाण्यात पडला असेल तर संध्याकाळचीही वाट बघू नका, मीठ फार लवकर खातं.

हेअर ड्रायर नको: पाणी आणखी आत जातं, डिस्प्लेचा गोंद सुटतो.

‘माझा आयपी68 आहे’ (पाणी-धूळ आत न जाण्याचा दर्जा) यावर विसंबू नका. ती चाचणी नव्या फोनची, गोड्या पाण्यातली. एकदा उघडलेल्या फोनला नवं सील लावलं नसेल तर तो आकडा विसरा.

बॅटरी फुगली असेल तर दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका.

आणि फोटो हवे असतील तर फोन देतानाच सांगा. बोर्ड बदलला की डेटा जुन्या बोर्डावरच राहतो, म्हणून तो बोर्ड परत मागून घ्या.